ट्राय-अँगचं इंजिन हलत नाही? आधी बॅटरी लावून बघा

जुन्या बाजारातून आणलेलं ट्राय-अँगचं (जुन्या ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेचा ब्रँड) इंजिन जागचं हलत नाही म्हणून लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी मोटरच्या दोन्ही ब्रशच्या (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) पट्ट्यांना क्षणभर टेकवा. मोटर फिरली, तर दोष बहुतेक रुळात, चाकांत नाहीतर वायरीत. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

मोटर नुसतीच गरम होत असेल, तर खोलण्याआधी फोटो काढा. ट्राय-अँगच्या बऱ्याच इंजिनांत असणाऱ्या एक्स-०४ मोटरमध्ये ब्रशच्या स्प्रिंगच्या एकाच टोकावर छोटी इन्सुलेशनची नळी असते. ती हरवली की शॉर्ट सर्किट झालंच म्हणून समजा. (मी ती एकदा कचरा समजून फेकली होती!) कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याचं फिरतं कडं) फटींतली काजळी टूथपिकने अलगद काढा, घट्ट झालेलं जुनं ग्रीस पुसा, बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. कम्युटेटरवर तेल नको.

आणि लोहचुंबक काढून बघायचा मोह आवरा. बाहेर काढला की त्याची ताकद घटते, मग मोटर करंट जास्त खाते आणि ओढते कमी.