डायरेक्ट नागपूरले नका जाऊ ताई, आधी एसडीओ ऑफिस

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात गोष्ट अशी की माहेर यवतमाळ जिल्ह्यात, वडिलांच्या नावचं सहा एकर वावर, वडील गेले, मृत्युपत्र काही नाही, आणि पटवाऱ्यानं वारस फेरफार (वारसांची नावं चढवायची महसुली नोंद) घेतला तो फक्त भाऊ आणि आईच्या नावानं. तुम्हाला ना नोटीस आली ना कोणी विचारलं, पोळ्याला माहेरी गेल्या तेव्हा सोसायटीच्या कर्जाचा विषय निघाला न् सातबारा पाहिला तर तुमचं नावच नाही. भाऊ म्हणतो तुझा हिस्सा लग्नात देऊन टाकला. आता गावातले एक ओळखीचे म्हणून राहिले की पटवारी, आरआय (म्हणजे मंडळ अधिकारी) सगळे मिळालेले असतात, सरळ नागपूरला हायकोर्टात रिट (थेट हायकोर्टात करायची याचिका) टाका, तीन महिन्यात निकाल.

तर पहिले हे तीन महिन्याचं डोक्यातून काढा.

हायकोर्टाला रिटचा अधिकार घटनेच्या कलम २२६ नं आहे, तो कोणी काढून घेतलेला नाही, पण कोर्टानंच स्वतःला एक शिस्त लावून घेतलीय की कायद्यात दाद मागायचा दुसरा नीट रस्ता असेल तर माणसानं आधी तिकडे जावं. तुमच्या बाबतीत तो रस्ता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये कलम २४७ ला लिहून ठेवलाय. मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार प्रमाणित (म्हणजे मंजूर) केला तर त्यावर अपील एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे. एसडीओनं विरोधात दिला तर वर जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी, त्यानंतर अमरावतीला आयुक्तांकडे, आणि मग कुठं नागपूर. आज रिट टाकली तर बहुतेक पहिल्याच तारखेला विचारतील, अपील केलं का? नाही म्हटलं की याचिका मागे घ्या, परत एसडीओकडे जा. वकिलाची फी गेली, येण्याजाण्याचा खर्च गेला, सोयाबीन काढायच्या दिवसात चार खेपा झाल्या ते वेगळंच.

आता तुमचे ओळखीचे म्हणतील नोटीसच दिली नाही तर डायरेक्ट जाता येते. यात खोटं काही नाही. सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये व्हर्लपूल कंपनीच्या केसमध्ये सांगितलंय की मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, बाजू ऐकूनच घेतली नसेल, अधिकार नसताना ऑर्डर केली असेल किंवा कायदाच घटनाबाह्य म्हणून आव्हान असेल, तर दुसरा रस्ता असूनही रिट चालते. पण "चालते" म्हणजे चालवलीच पाहिजे असं नाही, ते कोर्टाच्या मर्जीवर. आणि तुमच्या केसमध्ये नोटीस बजावली की नाही, भावानं अर्जात काय लिहून दिलं, हक्क सोडला की नाही, हे सगळे भांडणाचे मुद्दे आहेत, साक्षीपुरावे लागतात, रिटमध्ये हायकोर्ट त्यात सहसा हात घालत नाही. म्हणून मी नको म्हणतो.

तुमचा खरा अडचणीचा मुद्दा मुदत आहे. अशा अपिलाला ६० दिवस असतात (नकल मिळायला लागलेले दिवस वजा धरतात), ते तर केव्हाच गेले. पण घाबरायचं नाही, त्याच संहितेच्या कलम २५१ खाली उशीर माफ करता येतो, कारण पटलं पाहिजे. फेरफार झाला हे तुम्हाला पोळ्याला कळलं हे प्रतिज्ञापत्रावर लिहा, आणि त्यानंतरचा एकेक दिवस सांभाळा, कारण कळल्यावर पुन्हा चार महिने बसून राहिलं तर मग समजावून सांगणं जड जाते. नकलेचा अर्ज उद्याच करा, त्या अर्जाची तारीखही पुढे कामी पडते. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात निघतो, पण फेरफाराची नकल, भावानं दिलेला अर्ज, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि नोटीस बजावल्याचा कागद, ही पूर्ण फाइल तहसीलमधून मागा. नोटिशीवर तुमच्या नावासमोर कोणाची सही आहे ते पाहायची मला स्वतःला उत्सुकता आहे.

आणि हो, नकल हातात आली की आधी त्यावरचा मंडळ अधिकाऱ्याचा शेरा वाचा. फेरफार अजून प्रमाणितच झाला नसेल तर अपिलाची गरजच नाही, पटवाऱ्याकडे लेखी हरकत द्या न् पोच घ्या, मग मंडळ अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकूनच निर्णय द्यावा लागतो. सातबाऱ्यावर भावाचं न् आईचं नाव चढलंय म्हणजे बहुतेक झालाच असेल, तरी पाहून घ्या.

भावाचं लग्नात हिस्सा दिल्याचं म्हणणं कायद्यात टिकत नाही. शेतीतला हक्क सोडायचा तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र लागतं, तोंडी नाही आणि नुसत्या स्टॅम्पपेपरवरही नाही. वावर वडिलोपार्जित धरा की वडिलांनी स्वतः घेतलेलं, वारस तुम्ही तिघंच असाल तर हिशोब कसाही मांडला तरी फिरून तिसरा हिस्साच येतो, म्हणजे दोन एकर. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलासारखीच सहहिस्सेदार झाली, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो हक्क जन्मापासूनचा आहे हेही पक्कं केलं.

आता एक गोष्ट जी लोक घोळून टाकतात. फेरफार हा मालकीचा कागद नाही, तो महसुलाची नोंद आहे. एसडीओ तुमचं नाव चढवू शकतो, वाटणी करून धुरा (बांध) टाकून देणार नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा, आणि त्या दाव्यासाठी मात्र आधी एसडीओकडे जाऊन यायची अट नाही, दोन्ही सोबत चालू शकतात. फक्त रागाच्या भरात पटवारी न् तहसीलदाराला त्या दाव्यात पार्टी करू नका. सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध दावा म्हटलं की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आली, दोन महिने थांबणं आलं (तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीनं सूट मिळते, पण ती पुन्हा मागावी लागते). भाऊ आणि आई एवढेच प्रतिवादी पुरे. भाऊ वावर विकेल अशी भीती असेल तर दाव्यासोबतच मनाई हुकूमाचा अर्ज, आणि एसडीओकडच्या अपिलात स्थगितीचा अर्ज लावा.

पैशाचं विचारलं होतं. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात बाईमाणसाला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, वकिलांना आठवण करून द्या, बरेच विसरतात. आणि विधी सेवा कायद्यात महिलेला उत्पन्नाची अट नाही, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर वकील फुकट मिळतो.

आईला मात्र एकदा भेटून या. त्या भावाकडे राहतात, त्यांना कोर्टाचा समन्स पोस्टमनच्या हातून पहिल्यांदा कळावा असं मला वाटत नाही. त्यांनी तहसीलमध्ये मुलगीही वारस आहे असं लिहून दिलं तर एसडीओकडचं काम अर्धं होते. नकला आल्या की फोटो काढून पाठवा, शेऱ्याचं पान नीट दिसलं पाहिजे.