वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्याचे वीजबिल आणि वरचे युनिट

प्रश्न : आम्ही तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. घरात पाच माणसे, चार पंखे, एक कूलर आणि जुना फ्रीज आहे. फेब्रुवारीत १७० युनिटांचे बिल आले होते, ते एप्रिलमध्ये ३९० युनिटांवर गेले. ३०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का, आणि बिल आटोक्यात कसे आणावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शेजाऱ्यांचा समज बरोबर नाही, पण त्यामागची भीती अगदीच निराधार नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी ठरवलेले दर टप्प्याटप्प्याने लागतात : १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. आपण ३९० युनिट वापरले तरी पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागतो, पुढच्या २०० युनिटांना दुसरा आणि फक्त वरच्या ९० युनिटांना तिसरा. मात्र दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे आणि तिसऱ्याचा जवळपास तिप्पट आहे. त्यावर १६ टक्के वीज शुल्कही बसते. यातून निघणारा अर्थ फार उपयोगाचा आहे. घरात कोणतेही उपकरण बंद केले, तरी वाचणारे युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातलेच असते. आपल्या घरी कमी करायचे आहेत ते हे वरचे ९० युनिट, आणि ते कमी होण्यासारखे आहेत.

वाढलेले २२० युनिट गेले कुठे, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. वॅटला तासांनी गुणून १,००० ने भागले की युनिट मिळतात. साधा जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये चार पंखे दिवसाला पंधरा तास चालले, तर रोजचे साडेचार, म्हणजे महिन्याचे १३५ युनिट होतात. १८० वॅटचा कूलर चौदा तास चालला, तर त्याचे सुमारे ७५ होतात. बाकीचे युनिट बहुधा फ्रीजचे आहेत, कारण स्वयंपाकघर तापले की त्याचा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. म्हणजे बिल वाढवणारा मुख्य भार पंख्यांचा आहे, ज्यांच्याकडे ‘पंखा काय खातो’ म्हणून कोणी पाहत नाही.

बीएलडीसी (ब्रश नसलेली, कमी वीज घेणारी) मोटार असलेला पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो. चारही पंखे बदलले तर १३५ च्या जागी ५४ युनिट लागतील, म्हणजे महिन्याला ८० हून अधिक युनिट वाचतील, आणि ते जवळजवळ सगळे तिसऱ्या टप्प्यातले असतील. एकदम चार पंख्यांचा खर्च झेपत नसेल, तर जे दोन सर्वांत जास्त तास फिरतात, ते आधी बदलावेत; पाहुण्यांच्या खोलीतला पंखा तसाच राहू द्यावा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे, ते पाहूनच खरेदी करावी. बीएलडीसी पंखा बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून टाकून घ्यावा. हा पंखा स्वतःच्या रिमोटवर चालतो. जे जुने पंखे राहतील, त्यांना डब्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल तर तो बदलून इलेक्ट्रॉनिक बसवावा, कारण जुन्या रेग्युलेटरमध्ये पंख्याचा वेग कमी केला तरी वाचलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो.

आपण सर्वांत वरच्या मजल्यावर राहता, म्हणून गच्चीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. रात्री अकरा वाजताही पंखा गरम हवा फेकतो, ती यामुळे. आपल्या भागातील जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर हे ऊन अडवत असे. स्लॅबला तो आधार नाही, पण पांढरा रंग ते काम बऱ्याच अंशी करतो, कारण तो ऊन आत घेण्याऐवजी परत फेकतो. फेब्रुवारीच्या अखेरीस गच्ची घासून, धुऊन, चुन्यात गोंद मिसळून त्याचे दोन हात द्यावेत. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, त्यामुळे हे काम दरवर्षी करावे लागते; टिकाऊ हवे असेल तर उष्णता परावर्तित करणारा तयार रंग मिळतो. गच्ची सामाईक असल्यास सोसायटीची संमती घ्यावी. माझ्या मते वरच्या मजल्यावरच्या माणसाने एसीचा विचार करण्यापूर्वी हे काम केलेच पाहिजे.

कूलर ठेवावा. आपल्याकडे मार्च ते मे दुपारची हवा कोरडी असल्याने तो चांगले काम देतो, आणि दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण दीड हजार वॅट घेतो, तिथे कूलर दोनशेच्या आत भागतो. पण कूलर लावून खोली बंद केली की दमटपणा साठतो आणि गारवा संपतो. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. कूलरला रोज काही बादल्या पाणी लागते, ही अडचण सोलापुरात खरी आहे, आणि ज्या घरी साठवणच तोकडी आहे तिथे एसी घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी तो २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा हळू चालवावा. तापमान एक अंशाने वर ठेवल्यास एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

प्रश्न : घरात पूर्वी दोन यंत्रमाग होते. माग विकले, पण थ्री फेज जोडणी तशीच आहे. आता घरात दोन शिलाई मशीन चालतात. त्यासाठी वेगळी व्यावसायिक जोडणी घ्यावी लागेल का?
– एक वाचिका, साखर पेठ

उत्तर : प्रथम बिलावर ग्राहक वर्गवारी कोणती छापली आहे, ते पाहावे. यंत्रमागाच्या जोडणीवर घराचा वापर चालू असेल, तर ती वर्गवारी ताबडतोब दुरुस्त करून घ्यावी, कारण मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी भारी पडते. आपल्या शिलाई मशीनसाठी मात्र स्वतंत्र व्यावसायिक जोडणीची गरज दिसत नाही. राहत्या घराच्या काही भागात छोटा व्यवसाय चालत असेल आणि घराचा एकूण वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत व मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. घरबसल्या शिवणकाम किंवा शिकवणी करणाऱ्या अनेक भगिनींना ही तरतूद ठाऊक नसते.

थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो आणि एकही युनिट न वापरता तो दरमहा भरावा लागतो. आता माग नाहीत, तर जोडणी सिंगल फेज करून घेण्याचा अर्ज करावा.

प्रश्न : नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. हौदातून टाकीत पाणी चढवायला एक अश्वशक्तीची मोटार लावतो. बिल तिच्यामुळे वाढते का? मोबाइलचे चार्जर आणि टीव्हीचे खटकेही बंद करावेत का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : मोटार तासाला सुमारे एक युनिट घेते, पाण्याच्या दिवशी तासभर चालली तर महिन्याला सहा-सात युनिट होतात. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर फूट व्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपच्या तळाची झडप) गळतो का ते पाहावे. नुसत्या लावून ठेवलेल्या चार्जरने नगण्य फरक पडतो. सेट-टॉप बॉक्स मात्र टीव्ही बंद असतानाही सुमारे १० वॅट घेत राहतो, म्हणजे महिन्याला सात युनिट. त्याचा खटका रात्री बंद करावा.

प्रश्न : आमचा वापर वर्षभरात सरासरी २५० युनिट आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवावे, असे विक्रेता सुचवतो. घ्यावे का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : पॅनेल घ्यावे, पण तीन किलोवॅटचे घेण्याची घाई करू नये. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देते. दोन किलोवॅटमध्ये २४० युनिट निघतात आणि आपली गरज जवळजवळ भागते. केंद्राचे अनुदानही याच बाजूचे आहे : पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठी फक्त १८,०००, आणि त्यापुढे काही नाही. शिवाय वर सांगितलेला टप्प्यांचा नियम इथेही लागू पडतो. पहिला किलोवॅट आपले महाग युनिट कमी करतो, दुसरा मुख्यतः पहिल्या १०० मधले स्वस्त युनिट, आणि तिसऱ्याला कमी करायला जवळजवळ काहीच उरत नाही. नेट मीटरिंगमध्ये (म्हणजे पॅनेलची वीज आपल्या वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत) शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्षाअखेर त्यांचा हिशेब होतो आणि मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. पुढच्या वर्षी एसी किंवा विजेवरची दुचाकी घ्यायचे ठरले असेल, तरच तिसरा किलोवॅट घेण्यात अर्थ आहे.

एका किलोवॅटला गच्चीवर साधारण १०० चौरस फूट उघडी जागा लागते. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत तिथे पडत नाही ना, हे डिसेंबर-जानेवारीत पाहावे, कारण त्या दिवसांत सावल्या सर्वांत लांब असतात. उन्हाळ्यात धूळ बसून उत्पादन घटते; दर पंधरवड्याला पहाटे, पॅनेल गार असताना, ते साध्या पाण्याने पुसून घ्यावे. युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो, हे विक्रेत्याच्या ‘बिल शून्य’ या शब्दांवर विश्वास ठेवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.