शिबं आणि जवसाचं तेल

प्रश्न: मी आर्वी तालुक्यातली शेतकरी बाई. बारावीतल्या पोराच्या मानेवर, पाठीवर दर पावसाळ्यात शिबं उठतात. सासूबाई जवसाचं तेल चोळतात. शेजारीण म्हणते, तेलानंच वाढतात. खरं काय? आणि डॉक्टरबाई, हे कोड तर नाही ना?

उत्तर: ताई, शेजारीण बरोबर सांगते. तेल आजच बंद करा.

शिबं येतात ती मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका बारीक बुरशीमुळे. हे यीस्ट तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच कातडीवर असतं, त्यामुळे पोराचा टॉवेल, ताट वेगळं काढू नका. त्याला वाढायला चरबी लागते, पण ती घडवायला लागणारी फॅटी ॲसिडं त्याला स्वतः बनवता येत नाहीत. २००७ साली त्याच्या एका जातीचे जनुक वाचले, तेव्हा त्या कामाचा जनुकच सापडला नाही. प्रयोगशाळेत ते वाढवायचं तर खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर द्यावा लागतो. कातडीवर ते लायपेज नावाचा पाचक रस सोडून तेल फोडतं, सुटलेली फॅटी ॲसिडं आत घेतं आणि त्यांतूनच आपली चरबी रचतं. जवस, तीळ, शेंगदाणा, खोबरं, कोणतंही तेल त्याला चालतं. वयात आलेल्या पोरांच्या अंगाला मुळात तेल जास्त सुटतं, त्यात आपल्याकडचा आषाढातला दमट उकाडा.

कोड नाही, हे बहुधा तुम्हाला घरीच कळेल. डागावरून नख हलकं फिरवा. शिबं असतील तर पिठासारखा बारीक कोंडा निघतो. कोडाचा डाग गुळगुळीत असतो. मी दवाखान्यात तोच कोंडा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकते. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड तंतू आणि गोल पेशींचे घोस दिसले की शंका उरत नाही. पण डाग बधिर असेल, टोचलेलं कळत नसेल, तर तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर सरकारी औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

शिबांवर दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू मान, पाठ, खांद्यांवर लावून पाच मिनिटांनी धुवायचा. यीस्टला स्वतःच्या पेशीच्या पडद्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा चरबीसारखा पदार्थ लागतो. तो बनणं हे औषध अडवतं. किती दिवस लावायचा ते डॉक्टर पोराला बघून सांगतील. मेडिकलवाल्यानं दिलेली स्टेरॉइडची मिसळ असलेली ट्यूब मात्र लावू नका, माझ्याकडे तसे बिघडलेले पेशंट फार येतात.

कोंडा थांबला तरी पांढरे डाग काही महिने राहतील. कातडीचा रंग सावकाश भरतो, त्यासाठी औषध वाढवायची गरज नाही.