२६ टक्के असूनही अपात्र? आधी ‘अननोन’चा रकाना बघा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचं २०१८ साल डोळ्यांसमोर आलं. कॉलेजच्या वेबसाइटवर २६ टक्के हिस्पॅनिक (लॅटिनो, म्हणजे मुळं स्पॅनिशभाषक देशांतली असलेले) विद्यार्थी, तरी टायटल फाइव्हच्या, म्हणजे किमान २५ टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असलेल्या कॉलेजांसाठीच्या अमेरिकी सरकारी अनुदानाला अपात्र, आणि शेजारच्या बड्या विद्यापीठाला मात्र पैसे. हा कुठला न्याय, असं विचारलंय तुम्ही. मी टेक्ससमधल्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात डेटाचं काम करते. वकील नाही, त्या हिशेबानेच घ्या.

तुमचे २६ बहुधा नुसती डोकी मोजून आलेत. २५ टक्क्यांची अट पूर्णवेळ-समतुल्य संख्येवर असते, म्हणजे अर्धवेळ विद्यार्थी त्याच्या अभ्यासाच्या प्रमाणातच मोजला जातो. दिवसा नोकरी करून संध्याकाळी एक-दोन विषय घेणारी मुलं तिथे पूर्ण धरत नाहीत, आणि आमच्याकडे तरी अशी मुलं बहुतेक लॅटिनोच. ज्यांच्यासाठी अनुदान, त्यांचंच वजन कमी! मला खरा अन्याय इथे दिसतो.

पण आमचं घोडं पेंड खात होतं ते भलत्याच ठिकाणी. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का?’ या प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हे उत्तर आधीच निवडून ठेवलेलं होतं. मुलं भराभर खाली जाऊन सबमिट दाबत. ती सगळी ‘अननोन’मध्ये. म्हणजे भागाकारात खाली, एकूण विद्यार्थ्यांत मोजली; वर, हिस्पॅनिकांत नाही. आम्ही २४.७ वर अडकलो. संबंधित कार्यालयाला तीनदा मेल केला, उत्तर एकच: ‘सिस्टिम व्हेंडरची आहे, तिकीट टाका.’ टाकलं. तिकीट बंद झालं, फॉर्म तसाच. त्यात आमची ती अख्खी फेरी गेली. अजून आठवलं की डोकं फिरतं.

शिकत असलेल्या मुलांना पुन्हा विचारता येतं, तेवढं करा. ‘अननोन’मध्ये गार्सिया, हर्नांडेझ दिसतात म्हणून आडनावावरून स्वतः भरू मात्र नका. मोह होतो, माहीत आहे.

शिवाय गरजू विद्यार्थ्यांचं प्रमाण आणि दर विद्यार्थी कमी खर्च, हेही सिद्ध करावं लागतं. तो पात्रतेचा अर्ज वेगळा, मुदतही वेगळी.

बड्यांचं म्हणाल तर अ‍ॅरिझोना विद्यापीठही २०१८ पासून २५ टक्क्यांची अट पुरी करणाऱ्या संस्थांमध्ये आहे. नियमात बसतं, तक्रार नाही. पण त्यांच्याकडे अर्ज लिहायला फौज, आमच्याकडे मी आणि एक अर्धवेळ सहकारी.

अर्थात सध्या सगळंच टांगणीला आहे. जून २०२५ मध्ये टेनेसी राज्य या योजनेविरुद्ध कोर्टात गेलं, केंद्राच्या न्याय खात्याने योजनेचा बचाव करायला नकार दिला, आणि १० सप्टेंबरला शिक्षण खात्याने हा ऐच्छिक (द्यायचा की नाही हे खातं ठरवतं असा) निधीच थांबवला. म्हणे हा वांशिक कोटा आहे. अहो, पैसे कॉलेजला मिळतात! आमची ती फेरी हुकली, पण तिच्या पुढच्या फेरीत अनुदान मिळालं होतं, त्यातून आम्ही गणिताचं शिकवणी केंद्र काढलं. तिथे रोज दार उघडायच्या आधी उभा असायचा तो एक व्हिएतनामी मुलगा.

असो. तुमचा प्रवेशाचा फॉर्म स्वतः एकदा भरून बघा, तोही मोबाइलवर. लॅपटॉपवर आमचा तो प्रश्न रिकामाच दिसायचा.