जोडीदार दाखव

बेटा,

रविवारी धरमपेठेत तर्री-पोहे थंड होऊ दिलेस आणि लॅपटॉप उघडलास, तेव्हाच कळलं गाडी कुठेतरी अडलीये. तू म्हणालास, आयनांच्या माऱ्यानं नायट्रोजनचा रेणू फुटला की 14 वरच्या (वस्तुमान भागिले भार) पीकमधले बरेच आयन एकटे सापडतात, "दुसरा तुकडा न्यूट्रल, बिनभाराचा गेला असेल, सर." मी गप्प बसलो. उत्तर आता देतो.

जोडीदार, म्हणजे त्याच रेणूतला दुसरा तुकडा, दाखव. आणि दिसला नाही म्हणजे नव्हताच, असं लिहू नकोस.

येणाऱ्या आयनानं रेणूचे दोन इलेक्ट्रॉन ओढून नेले की दोन धनभार 1.1 अँगस्ट्रॉमवर समोरासमोर. त्यांच्या एकमेकांना ढकलण्याची ऊर्जा हवी तर 14.4 ला 1.1 नं भाग, 13 ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट). तुझ्या आलेखात तुकड्यांची ऊर्जा त्याहून कमी येते, त्याचं टेन्शन घेऊ नको. उरलेले इलेक्ट्रॉन बंध थोडा तरी धरून ठेवतात. गोम डिटेक्टरपर्यंत पोचायच्या वेळेत आहे. दोन्ही तुकडे 14 चेच. रेणू डिटेक्टरच्या दिशेनं उभा असेल तर एक आधी पोचतो, एक नंतर. आडवा असेल तर दोघं जवळजवळ एकदमच, आणि दुसरा डेड टाइममध्ये, म्हणजे पहिला मोजल्यावर डिटेक्टर क्षणभर आंधळा असतो त्यात, गडप. त्यात न तुटलेला, दोन भारांचा रेणूही 28 भागिले 2 म्हणून तिथेच येऊन बसतो. त्याचं पीक मात्र सुईसारखं. मे महिन्यातल्या नागपुरातही रेणूची उष्णतेची ऊर्जा 0.04 ईव्हीच्या आसपासच. तुकडे कित्येक ईव्ही घेऊन उधळतात, म्हणून त्यांचं पीक पसरट.

असेच एकटे मोजून मी न्यूट्रलचा अख्खा तक्ता छापायला पाठवला होता. परीक्षकानं एका ओळीत विचारलं, जोडीदार कुठे? वर्ष गेलं. गाइड महिनाभर बोलले नाहीत. त्यानंतर पेपर कमी, प्रमोशन उशिरा, घरी अजून टोमणे. बसू देत. नंतरचा एकही आकडा मला मागे घ्यावा लागला नाही, हे कोणी मोजत नाही.

आणि तुला सबमिशनची काहून एवढी घाई?

पुढच्या बीमटाइमला, आयनांचा झोत मिळेल तेव्हा, आधी कार्बन मोनॉक्साइड सोड. कार्बन 12 वर, ऑक्सिजन 16 वर, एकमेकांना झाकत नाहीत. दोन्ही तुकड्यांच्या पोचायच्या वेळांचा नकाशा काढ, एक वेळ आडवी, एक उभी. एकाच रेणूतले असतील तर संवेग समान आणि विरुद्ध, ठिपके उतरत्या रेषेवर पडतील. बाकीच्या जोड्या योगायोगाच्या, फेकून दे. एकटे तिथेही राहतील, कारण डिटेक्टर प्रत्येक आयन पकडत नाही. किती पकडतो ते मोज. मगच न्यूट्रलचं नाव काढ.

दिल्लीला निघण्याआधी घरी ये. संत्रा बर्फी आणून ठेवतो. लॅपटॉप नको, लॉगबुक आण.