व्हॅलेंटाइन डेची कथा खरी आहे का, आणि साताऱ्यात तो कसा साजरा होतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सैनिकांची चोरून लग्नं लावणाऱ्या संताची कथा खरी का, आणि साताऱ्यासारख्या गावात लोक हा दिवस कसा साजरा करतात. राजवाड्याजवळ आमचं फुलांचं दुकान आहे, वीसेक वर्षं मीच सांभाळते. गिऱ्हाइकं पहिला प्रश्न मलाही विचारायची, म्हणून वाचत गेले.

संताबद्दल हाती फार थोडं लागतं. तिसऱ्या शतकात रोममध्ये व्हॅलेंटाइन नावाचा धर्मगुरू मारला गेला, असं परंपरा सांगते. इटलीतल्या तेर्नी गावचा त्याच नावाचा एक बिशपही सांगतात. सैनिकांची चोरून लग्नं लावल्याची कथा मात्र मागाहून चिकटलेली आहे. खात्रीची माहितीच नसल्यामुळे कॅथलिक चर्चने १९६९ साली त्याचा दिवस आपल्या सर्वसाधारण पंचांगातून काढला.

प्रेम या दिवसाला जोडलं गेलं ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडात. चॉसर या कवीने लिहिलं की सेंट व्हॅलेंटाइनच्या दिवशी पाखरं आपापला जोडीदार निवडतात. पाखरांचं माणसांनी उचललं.

मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते एक पत्र. फेब्रुवारी १४७७, इंग्लंडातलं नॉरफोक. मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीचं लग्न जॉन पॅस्टनशी ठरत होतं, पण हुंड्यावर अडलं होतं. तिने वडिलांच्या कारकुनाकडून पत्र लिहून घेतलं. त्यात जॉनला तिने व्हॅलेंटाइन म्हटलंय, आणि पुढे सरळ व्यवहाराचं बोललीय: आईने वडिलांची खूप मनधरणी केली, पण ते ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार नाहीत, तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडणार नाही, तुमच्याकडे आहे त्याच्या निम्मंही नसतं, तरी मी तुम्हाला सोडलं नसतं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. इंग्रजीतलं सर्वांत जुनं व्हॅलेंटाइन पत्र म्हणून हे आज ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलंय. पाचशे वर्षांपूर्वीची ती मुलगी मला आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीतली वाटते.

पुढे १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि कार्डांचा पूर आला. बरीच कार्डं बिननावाची असत. जपानात आजही या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात, पुरुष १४ मार्चला परतफेड करतात.

आता साताऱ्याचं. आमचा हंगाम सात फेब्रुवारीलाच, रोझ डेला सुरू होतो. डच गुलाबाची वीस फुलांची गड्डी एरवीपेक्षा बरीच महाग पडते, कारण तळेगाव-मावळचा चांगला माल परदेशी जातो. पॉलिहाऊसवाले हा दिवस धरून डिसेंबरातच छाटणी करतात. कॉलेजची पोरं एकेक फूल नेतात आणि “नाव नको लिहू मावशी” म्हणतात. संध्याकाळी गाड्या यवतेश्वरच्या घाटाकडे वळतात. अलीकडे लग्न होऊन पाच-दहा वर्षं झालेले नवरेही येतात. ते गुलाबाबरोबर मोगऱ्याचा गजरा मागतात, आणि तो निवडताना जास्त वेळ घेतात. मला ते फार आवडतं.

मागे एकदा कोरेगावकडचा एक मुलगा आला. पसंती झाली होती, बैठक सोन्यावर मोडायला आली होती. बारा गुलाब घेतले. अक्षर वाईट आहे म्हणून कार्ड मला लिहायला सांगितलं. दोनदा सांगता सांगता थांबला, मग म्हणाला, “लिहा मावशी: सोन्याचं घरी मी बघतो. तू तारीख धर.”