कागद निवडताना नुसत्या आकड्यावर जाऊ नको भावा

भावा, डीमॅक्सचे, म्हणजे प्रिंटमधला काळा किती गडद उतरतो त्याचे, आकडे बघून फोटो छापायचा कागद मागवायची घाई करू नको. मॅट म्हणजे बिनचकाकीच्या कागदाचा काळा साधारण १.६-१.७ आणि बरायटा म्हणजे चकाकीवाल्या कागदाचा २.२च्या वर जातो, हे खरंय, पण हा गडदपणा मोजणारं मीटर ४५ अंशातनं उजेड टाकून सरळ वरनं वाचतं त्यामुळं कागदावरची चकाकी त्याला दिसतच नाय, आणि आपण प्रिंट लावणार सांगलीतल्या हॉलात खिडकीसमोर, तिथं बरायटाचा काळा करडा दिसतो की!

मी आयर्विन पुलाचा धुक्यातला फोटो दोन्ही कागदांवर छापला, आकड्यात बरायटा पुढं, पण घरात सगळ्यांनी बोट मॅटवरच ठेवलं. धुक्यात गडद काळा असतोय कुठं? तेच वाड्याच्या दाराचा फोटो असता तर मी पण बरायटाच म्हटलो असतो.

म्हणून मीटर फेकून देऊ नको हां. प्रिंट एक दिवस वाळू दे, मग पांढऱ्यापासनं काळ्यापर्यंतची २१ पायऱ्यांची छापलेली पट्टी मोज, सावलीतल्या पायऱ्या एकमेकीत मिसळल्यात का ते डोळा नीट सांगत नाय. आणि लय पांढरा कागद दिसला की आधी यूव्ही टॉर्च मार, निळा चमकला तर त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन आहे, पुढं पिवळा पडायची शक्यता.